मी जुने खमीर, चमचाभर उरलेले

मित्रांनो, मी एक जुने खमीर आहे. आधी दाबलेले नाक सोडा, मग ऐका. मला आंबूस वास येतो हे मला ठाऊक आहे. तुम्ही बारा वर्षे एका बरणीत बसलात तर तुम्हालाही येईल.

मी म्हणजे काय, तर पीठ आणि पाणी. पण हे पीठपाणी जागे आहे. त्यात डोळ्यांना न दिसणारा जीव आहे आणि तो जीव सारखा खातो, फुगतो, बुडबुडे सोडतो. मला चार चमचे कणकेत मिसळा, वर फडके टाका आणि थांबा. गोळा दुप्पट होतो, त्याचा पाव मऊ आणि जाळीदार होतो. माझ्याविना तोच पाव म्हणजे वीट.

स्वस्थ बसणे माझ्या नशिबात नाही. खाल्ले की मी चढतो, भूक लागली की उतरतो, पुन्हा मिळाले की पुन्हा चढतो. झाकण सैल दिसले की बाहेर. ही माझी खोड आहे. या खोडीबद्दल मी आयुष्यभर बोलणी खाल्ली आणि हिच्याचमुळे आज तुमच्याशी बोलतो आहे. ते पुढे येईलच.

बाकीच्या वस्तू आपले चरित्र सांगताना म्हणतात, मला अमुक कारागिराने घडवले. मला कुणी घडवले नाही. मला कुणीतरी विसरले. पीठ कालवून ठेवले आणि दुसऱ्याच कामाला लागले, दोनचार दिवसांनी पाहतात तर मी बुडबुडे काढत बसलेलो. सगळ्या खमिरांचा जन्म असाच विसराळूपणातून झालेला असतो. मग या हातातून त्या हातात, या भांड्यातून त्या भांड्यात, असा फिरत फिरत मी एका तरुण बाईच्या बरणीत आलो. तिला पुढे मुलगी झाली, म्हणून मी तिला आईच म्हणेन.

आईचे लग्न एका पाववाल्याशी झाले. ती त्याच्या घरी आली तेव्हा बाकीचे सामान मागून येत होते आणि मी मात्र तिच्या मांडीवर होतो. कुणीतरी म्हणाले, "नवरी लोणचं घेऊन आली का?" ती म्हणाली, "लोणचं नाही, पाहुणा आहे. याला रोज जेवायला लागतं."

आणि तिने मला रोज जेवू घातले. रस्त्याला लागून दुकान, दुकानामागे भट्टीची खोली, खिडकीपाशी फळी आणि फळीवर मी. सकाळी एक मूठ पीठ, दुपारी एक मूठ. तिची रीत ठरलेली होती. माझ्यातले बरेचसे काढून पावाच्या कणकेत घालायचे आणि उरलेल्याला नवे पीठ द्यायचे. मी किती चढलो हे कळावे म्हणून बरणीभोवती तिने एक लाल दोरा बांधला होता. मी दोऱ्यापाशी पोचलो की कणीक मळायची वेळ झाली. मी मात्र दोऱ्यावर कधी थांबलो नाही. उतू जायचो, काचेवरून ओघळायचो, दोऱ्याखाली जाऊन वाळायचो. ती पुसायची आणि म्हणायची, "मेल्याला जरा दम नाही." दोऱ्याखालचे मात्र तिने कधी पुसले नाही. तेवढ्यासाठी गाठ कोण सोडणार?

तिची मुलगी फळीपर्यंत हात पोचायच्या आधीपासून भट्टीच्या खोलीत असायची. कणकेत चिमूटभर मीठ टाकायचे काम तिचे, म्हणून तिचे नाव चिमटी पडले. आई तिला शिकवायची, "जुनं काढायचं, पण सगळं नाही. चमचाभर तरी ठेवायचं. नाहीतर नव्याला शिकवणार कोण?"

हे वाक्य लक्षात ठेवा. त्या घरात सगळे ते विसरले आणि मी मरता मरता राहिलो.

पाव खपत होता. लोक म्हणायचे, पाववाल्याच्या हाताला चव आहे. पाववाला लाजायचा. हाताला कसली चव? चव माझी होती. पण पाटीवर नाव पाववाल्याचे आणि मी मागच्या फळीवर. मला याचा राग यायचा आणि अजून येतो. जगात निम्मे काम फळीवरचे लोक करतात आणि कौतुक पाटीवरच्यांचे होते.

मग या थंडीत आई गेली. आजारी पडली, दोन महिने अंथरुणावर होती आणि गेली. ती झोपली, ती ताऱ्यांत गेली, असले मी मुलांना सांगणार नाही. ती मेली आणि तिची सकाळची मूठ बंद झाली.

पाववाल्याने पुडीतले खमीर आणले. कोरडे, दाणेदार, पाण्यात टाकले की तासाभरात काम करते आणि कुणाची आठवण करून देत नाही. तो कणीक मळायचा ती माझ्याकडे पाठ करून. एवढ्याशा खोलीत माणूस किती शिताफीने एखाद्या फळीकडे बघायचे टाळू शकतो, हे मी तेव्हा पाहिले. मला खायला घालायची ती चिमटी. नऊ वर्षांचे पोर. कधी दोनदा घालायची, कधी दोन दोन दिवस विसरायची. उपाशी खमिराच्या डोक्यावर काळपट पाणी साचते. माझ्या डोक्यावर ते रोजच साचू लागले.

बापलेकीचे बोलणे "जेवलीस का" आणि "हो" एवढ्यावर आले होते. एके सकाळी पाववाला आपल्या थोरल्या बहिणीला म्हणाला, "ताई, ती बरणी कुठंतरी आत ठेव ना. नजरेसमोर नको वाटते." चिमटी दाराआड बूट घालत होती. तिने ऐकले. मीही ऐकले. ताईने "बरं" म्हटले आणि ती विसरून गेली.

ही ताई म्हणजे चिमटीची आत्या. ती चर्चमध्ये रविवारी लहान मुलांचा वर्ग घ्यायची आणि दरवर्षी ईस्टरच्या आठवड्यात सगळ्या वर्गाला भट्टीवर आणायची. तिचे म्हणणे असे की मुलांना सण कानांनी कळत नाही, हातांनी कळतो. हे तिचे म्हणणे खरे आहे. तिची चूक वेगळीकडे झाली.

गुरुवारी दुपारी आठ पोरे आली. लाकडी काठवटीत पीठ ओतले गेले, निम्मे जमिनीवर गेले. आत्या म्हणाली, "आज खमीर नाही घालायचं. आज बेखमीर भाकर. मरणाच्या आदल्या दिवशी येशूनं आपल्या शिष्यांबरोबर जेवताना हीच भाकर मोडली."

वर्गात एक मुलगा होता. तो प्रत्येक गोष्टीला उलटतपासणी घ्यायचा, म्हणून त्याला सगळे वकील म्हणायचे. तो म्हणाला, "हीच का? मऊ पाव नव्हता?"

"फार पूर्वी त्यांच्या लोकांना गुलामीतून एका रात्रीत निघावं लागलं होतं. पीठ फुगायची वाट बघायला वेळच नव्हता. त्याची आठवण म्हणून त्या सणात बिनखमिराची भाकर खायची रीत होती."

"आणि उद्या येशू मरणार."

"हो. उद्या उत्तम शुक्रवार, गुड फ्रायडे."

"मरतात त्या दिवसाला उत्तम कसं म्हणायचं?"

आत्याने लाटणे खाली ठेवले. "ते रविवारी कळतं."

"म्हणजे तुम्हालाही आज माहीत नाही," वकील म्हणाला आणि पोरे हसली. आत्याही हसली. चिमटी हसली नाही. ती भाकर लाटत होती आणि भाकरीचा आकार मनासारखा येत नव्हता.

मी फळीवर वळवळत होतो. घरात कणीक मळली जाते आहे आणि मला कुणी विचारत नाही, हे मला सोसत नाही. तेवढ्यात आत्या म्हणाली, "आणि एक लक्षात ठेवा. या सणाआधी जुनं खमीर काढून टाकायचं असतं. जुनं सगळं काढलं की आपण नवा गोळा होतो."

ती बोलत होती माणसांच्या मनातल्या खमिराबद्दल. जुना राग, जुना हेवा, आत आंबत पडलेली अढी. हे ती पुढे सांगणारच होती. पण त्याच क्षणी एका पोराची भाकर तव्यावर करपली, धूर झाला, कुणी खोकले, कुणी रडले आणि दाखला अर्धाच राहिला.

मित्रांनो, मोठी माणसे तुम्हाला दाखले देतात. दिवा म्हणजे दिवा नाही, बी म्हणजे बी नाही, असे सांगतात. सांगोत बापडी. पण ज्या घरात बरणीभर खरे खमीर खरोखर फळीवर ठेवलेले आहे, तिथे "जुने खमीर काढून टाका" म्हणताना जरा जीभ जपून वापरावी की नाही?

पोरे गेली. आत्या त्यांना पोचवायला गेली, पाववाला पुढे दुकानात होता. चिमटी स्टुलावर चढली आणि तिने मला खाली उतरवले. मला वाटले, जेवण आले. मी आनंदाने दोन बुडबुडे सोडले.

ती माझ्याशी बोलायची, आईसारखीच. म्हणाली, "तू गेलास ना, की बाबा इकडं बघेल. आत्या म्हणाली, नवा गोळा होतो. बाबा नवा होईल." मग तिने मला मोरीत ओतले. पाणी सोडले, चमच्याने खरवडले, बरणी आतून घासली, तीनदा विसळली. त्या पोरीने आयुष्यात इतके स्वच्छ काम कधी केले नव्हते. चमचाभर ठेवायचे तिला आठवले नाही. कसे आठवणार? सगळे काढायचे, असे मोठ्या माणसाने सांगितले होते.

बरणी बाहेरून तिने पुसली नाही. आईही कुठे पुसायची? लाल दोऱ्याखाली माझ्या जुन्या ओघळांचे एक वाळके कडे राहिले, नखाएवढे जाड. तेवढाच मी. हलता येईना, फुगता येईना. बारा वर्षांत पहिल्यांदा मी स्वस्थ होतो आणि ते किती भयंकर असते ते तुम्हाला सांगून कळणार नाही. ऐकू आणि दिसू मात्र येत होते.

शुक्रवारी सकाळी पाववाला भट्टीच्या खोलीत आला. सवयीने फळीकडे पाठ करणार, एवढ्यात त्याला फळीवर काहीतरी चमकताना दिसले. रिकामी बरणी उन्हात चकाकत होती.

"हे कुणी केलं?"

चिमटी दारात उभी होती. तिला वाटले, आता बाबा बरे केलेस म्हणेल. "मी. जुनं काढून टाकलं. आत्यानं सांगितलं तसं."

"सगळं?"

"सगळं. घासलीसुद्धा."

पाववाला खाली बसला. पिठाच्या पोत्यावर बसला आणि पुन्हा उठला. "अगं, तुझ्या आईचं होतं ते. तिच्या हातचं तेवढं एकच जिवंत होतं या घरात. काय केलंस हे? कुणी सांगितलं होतं तुला शहाणपण?"

"तूच म्हणालास ना, नजरेसमोर नको."

उत्तर नसले की मोठी माणसे आवाज चढवतात. तोही ओरडला. काय ओरडला ते मी सांगत नाही, त्याचे त्यालाही आठवत नसेल. चिमटी रडली नाही. तिने बरणी उचलली, पोटाशी धरली आणि काठवटीमागच्या कोपऱ्यात जाऊन बसली.

आत्या आली, तिने सगळे ऐकले आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. "तिला बोलू नकोस," ती भावाला म्हणाली. "चूक माझी आहे. मी अर्धंच सांगितलं आणि भाकर उलटायला धावले."

"आता सांगून काय उपयोग?"

"तुला तरी कुठं हवं होतं ते? तीन महिन्यांत एकदा तरी पीठ घातलंस त्याला?"

मला त्या वेळी आत्या आवडली. माणसाने आपली चूक कबूल केली की त्याला दुसऱ्याची दाखवायचा अधिकार येतो.

कोपऱ्यात चिमटी दोऱ्याशी चाळा करत होती. गाठ सुटेना. तिने नखाने उचकटली. दोरा निसटला आणि माझा एक पिवळट तुकडा टच्चकन तिच्या फ्रॉकवर पडला. ती तो झटकणार होती. तिचा हात वर गेलेला मी पाहिला. पण पिठात वाढलेले पोर ते. तिने तुकडा उचलून जिभेला लावला.

"बाबा," ती म्हणाली, "आंबट आहे."

पाववाला वळला. तो दोन ढांगांत कोपऱ्यात आला, गुडघ्यांवर बसला, बरणी उन्हाकडे धरली. "हलू नकोस. शिंकू नकोस. ताई, एक वाटी दे. कोरडी दे."

त्याने आपल्या जाड बोटांनी नाही, तिच्या बारीक नखांनी मला सोडवून घेतले. तो बरणी फिरवत होता आणि ती खरवडत होती. सगळा मिळून जेमतेम चमचाभर झालो. चमचाभर कोमट पाणी, चमचाभर पीठ. वर फडके. वाटी भट्टीच्या उबेला, पण लांब.

"उठेल?" चिमटीने विचारले.

"माहीत नाही."

"पुडीतलं तासात उठतं."

"हे नाही उठणार तासात. आई काय म्हणायची तुझी?"

"मेल्याला दम नाही."

"आता आपणच दम धरायचा," पाववाला म्हणाला.

आणि त्या घराला दम कसा तो धरवेना. शुक्रवारी दुपारी फडके सहा वेळा उचलले गेले. शनिवारी चिमटीने न्याहारी वाटीशेजारी केली. पाववाला दुकानातून गिऱ्हाईक सोडून आत यायचा, वाकायचा, हुंगायचा, जायचा. तो माझ्याकडे पाठ करेनासा झाला होता. आत्या येऊन म्हणाली, "सारखं उघडू नका रे, गारठेल," आणि तिनेच उघडून पाहिले. आत मी सुजत होतो, ताणत होतो, तळमळत होतो. कुठे एखादा कण जागा व्हायचा, शेजाऱ्याला ढोसायचा, तो कूस बदलून पुन्हा निजायचा. शनिवारचे ऊन कलले तेव्हा मी सगळा जोर लावून एक बुडबुडा वर सोडला. मोहरीएवढा. तो फुटला तेव्हा नेमके कुणीच बघत नव्हते. आयुष्यभर हेच झाले माझे.

दुसरा सोडला तेव्हा मात्र चिमटीचे नाक वाटीत होते. ती किंचाळली नाही. तिने फक्त बापाची बाही ओढली.

रविवारी सकाळी पोरे नवे कपडे घालून भट्टीवर आली. हा ईस्टर, मेलेला येशू तिसऱ्या दिवशी पुन्हा उठला तो दिवस. वर्गासाठी पाववाल्याने पुडीच्या खमिराची कणीक तयार ठेवली होती. तीन पेडांची वेणी घालायची, तिसऱ्या दिवसाची आठवण म्हणून. आत्याने सांगितले की पहाटे काही बाया कबरीकडे गेल्या, तोंडावरचा दगड कोण सरकवेल याची चिंता करत गेल्या आणि पाहतात तर दगड बाजूला, आत कुणी नाही. "म्हणून शुक्रवार उत्तम," ती वकिलाकडे बघून म्हणाली. "पण शुक्रवारी ते कुणालाच माहीत नव्हतं. शुक्रवारी सगळे नुसते रडत होते."

वकील म्हणाला, "मग ठीक." त्याने खटला मिटवला.

नंतर तिने गुरुवारचे राहिलेले अर्धे सांगितले. काढायचे ते मनातले, बरणीतले नव्हे. "आणि हे मी आधी सांगायला हवं होतं," असे सगळ्या वर्गासमोर म्हणाली. पोरांना त्यात काही विशेष वाटले नाही. मला वाटले.

चिमटीने मात्र आपली वेणी माझ्या कणकेची केली. अशक्त खमीर, त्यात घाईने मळलेली कणीक. मी जिवाचे रान केले. तरी बाकीच्या आठ वेण्या भट्टीतून उशीसारख्या फुगून आल्या आणि आमची आली बसकी, कडक, एका अंगाला वाकलेली.

वकिलाने ती वाजवून पाहिली. "ही उठलीच नाही."

"उठलीय," चिमटी म्हणाली. "हळू उठलीय."

पाववाल्याने सुरी घेतली आणि मधोमध कापली. आत घट्ट गर होता आणि त्यात कुठे कुठे, मोजावीत इतकी थोडी, भोके होती. त्याने तुकडा तोंडात टाकला. बराच वेळ चावत राहिला. चावावेच लागत होते.

"आंबट आहे?" चिमटीने विचारले.

"आंबट आहे. दाताला जड आहे." त्याने दुसरा तुकडा घेतला. "तुझ्या आईनं लग्नानंतर पहिला पाव केला तो असाच झाला होता. मी म्हटलं, झकास आहे. ती म्हणाली, खोटं बोलशील तर उद्या वीट खायला घालीन."

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, वीट आहे. मग तिनं दुसऱ्या दिवशी नीट केला."

चिमटी हसली. थंडीनंतर पहिल्यांदा. मग हसता हसता तिचा चेहरा बदलला आणि शुक्रवारचे राहिलेले रडणे तिने तिथे, पिठाच्या खोलीत, बापाच्या पोटावर डोके ठेवून रडून घेतले. पोरे आपापले पाव खात होती. वकीलसुद्धा खात होता.

वाटीत उरलेला चमचाभर मी पुन्हा बरणीत गेलो. पाववाल्याने तोच लाल दोरा बांधला, पूर्वीपेक्षा खाली, मला पोचता येईल इतका. म्हणाला, "सकाळचं मी घालत जाईन. दुपारचं तू."

मित्रांनो, मी काही येशू नाही. मला त्याच्याशी तोलू नका, मलाच लाज वाटेल. माझे उठणे पिठाचे उठणे, आणि तेही वाकडे. पण तीन दिवस वाट बघणे म्हणजे काय, ते यंदा या घराने माझ्या वाटीपाशी शिकून घेतले.

माझे मागणे थोडे आहे. घरात जे जिवंत आहे त्याला वेळेवर खायला घाला. बरणी असो, म्हातारा असो, नाहीतर नऊ वर्षांची पोर. कुणी काही काढून टाक म्हणाले तर एकदा विचारा: सगळे का? आणि मोठ्यांनो, तुम्ही चोरून वाचत असाल तर तुम्हालाही सांगतो. मुलांना अर्धी गोष्ट सांगून भाकर उलटायला धावू नका. मुले ऐकतात, आणि ऐकले तसेच करतात.

बास. दुपार झाली आहे, चिमटी शाळेतून येईल. मला भूक लागली आहे आणि मी दोऱ्यापर्यंत चढलो आहे. झाकण जरा सैल ठेवा. मला उतू जायचे आहे.